घरी बनवलेला जुन्या धाटणीचा 'आट्यापाट्या' गेम प्लग-इनशिवाय इतरांना कसा देता येईल?

लोणपाटी

नमस्कार. २००८ साली, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर, सुट्टीत घरी बसून मी ब्राउझरमध्ये खेळायचा एक छोटा गेम तयार केला होता. खेळ आपला आट्यापाट्यांचाच आहे; मात्र त्याचे रूप मी मुद्दाम नव्वदच्या दशकातल्या, टीव्हीला जोडून कॅसेट लावायच्या व्हिडिओ गेमसारखे ठेवले होते. त्या आठ-बिट यंत्रांचे चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचे असे आणि एका चित्राकृतीला पारदर्शक भाग सोडून तीनच रंग मिळत. तेच बंधन मी स्वतःवर घालून घेतले आणि त्यातून एक गोष्ट इतकी छान जुळून आली की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. आठ ठिपके रुंदीची पाटी आणि तिच्यापुढे सोळा ठिपक्यांची मोकळी जागा असे चोवीस ठिपक्यांचे माप धरले, तर नऊ पाट्यांना २१६ ठिपके लागतात आणि वर उरलेल्या चोवीस ठिपक्यांत गुणफलक बरोबर बसतो. आडव्या पाट्यांवरचे गडी आपापल्या पाटीतच डावीउजवीकडे सरकतात, सूरपाटीवरचा गडी मैदानाच्या मधोमध उभा धावतो, आणि खेळणाऱ्याने त्या सगळ्यांना हुलकावणी देत शेवटची पाटी ओलांडून लोण घेऊन परत यायचे असते.

चित्रे माझ्या ताईने काढली. तिने आलेख कागदावर सोळा बाय सोळा चौकोन आखले आणि एकेक चौकोन रंगीत पेन्सिलीने भरला. धावताना मागे जाणारा पाय तिच्या मनासारखा येईना, म्हणून तो तिने इतक्या वेळा खोडला की कागदाला तिथे भोक पडले, आणि तेवढा एक चौकोन मी शेवटी संगणकावर अंदाजाने भरला. गेममधली 'लोण' ही आरोळीसुद्धा तिचीच आहे. हेडफोनच्या साध्या माइकवर आम्ही ती स्वयंपाकघरात ध्वनिमुद्रित केली होती आणि लक्ष देऊन ऐकले तर तिच्यामागे कुकरची शिट्टी सुरू होताना ऐकू येते.

हा गेम मी फ्लॅशमध्ये, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या प्लग-इनवर (वेगळ्या जोड-प्रोग्रामवर) चालणाऱ्या गेम-ॲनिमेशनच्या साधनात, केला होता. तेव्हा एका फुकट जागा देणाऱ्या संकेतस्थळावर तो ठेवला, मित्रांना दुवा पाठवला आणि काम झाले, कारण फ्लॅश प्लेअर जवळपास प्रत्येक संगणकावर असेच. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले. मूळ, बदल करता येणारी एफएलए फाइल ज्या हार्ड डिस्कवर होती ती दुरुस्तीला दिली असता दुकानदाराने न विचारता फॉरमॅट केली. गेल्या महिन्यात माळा आवरताना एक सीडी सापडली आणि तिच्यावर त्यापासून बनलेली, खेळायची तयार एसडब्ल्यूएफ फाइल शाबूत निघाली.

ताई आता टोरांटोला असते. तिच्या दहा वर्षांच्या मुलाला हा गेम खेळायचा आहे, आणि शाळेतले दोन मित्रही मागत आहेत. परंतु फाइल ब्राउझरमध्ये ओढली की ती उघडण्याऐवजी नुसती डाउनलोड होते. या मंडळींना मी फ्लॅश प्लेअरची जुनी आवृत्ती शोधून बसवायला सांगणे योग्य ठरेल का, आणि नसेल तर त्यांना काहीही बसवावे न लागता गेम खेळता येईल असा मार्ग आहे का? मूळ फाइल हाताशी नसल्यामुळे मला आतला काही भाग बदलता येईल की नाही, हेही कळत नाही.

जुनी फाइल

आधी फाइल सापडल्याबद्दल अभिनंदन. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: कोणालाही जुना प्लग-इन बसवायला सांगू नका. अडोबीने जुलै २०१७ मध्ये फ्लॅश बंद करण्याची घोषणा केली, ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरच्या शेवटच्या आवृत्त्या स्वतःहूनच मजकूर चालवायचे थांबल्या. त्याहून जुनी आवृत्ती मिळवली, तरी आजच्या ब्राउझरमध्ये ती बसवण्याची जागाच उरलेली नाही. म्हणजे तुमच्या मित्रांना ब्राउझरही जुना ठेवावा लागेल, आणि ज्यातले सुरक्षेचे दोष आता कोणी बुजवत नाही असा ब्राउझर ते त्यांच्या बँकेच्या कामांच्याच संगणकावर वापरतील. एका गेमसाठी एवढी जोखीम कोणाच्याही घरी नेऊन ठेवू नये.

भाचा टॅबलेटवर खेळणार असेल, तर प्रश्न आणखी सोपा होतो, कारण आयपॅडवर फ्लॅश कधीच नव्हते आणि अँड्रॉइडसाठीचा फ्लॅश प्लेअर ऑगस्ट २०१२ मध्येच गूगलच्या ॲप-दुकानातून काढला गेला.

मार्ग मात्र आहे आणि चांगला आहे. रफल नावाचा एक मुक्त स्रोत प्रकल्प आहे. त्यात फ्लॅश प्लेअरचे काम रस्ट या भाषेत नव्याने लिहिलेले असून ते वेबअसेंब्लीच्या (ब्राउझर थेट चालवू शकतो अशा संकलित प्रोग्रामच्या) रूपात थेट ब्राउझरमध्ये चालते. खेळणाऱ्याला काहीही बसवावे लागत नाही. तुमच्या पानाबरोबरच रफल त्याच्याकडे पोहोचतो आणि ब्राउझर कोणत्याही पानाला जेवढी मुभा देतो तेवढ्याच कुंपणात राहतो. इंटरनेट आर्काइव्ह या जुना डिजिटल मजकूर जपणाऱ्या संस्थेने नोव्हेंबर २०२० पासून फ्लॅशचे जुने गेम आणि ॲनिमेशन याच्याच आधारे पुन्हा चालते केले.

एक गोष्ट आधी तपासा. फ्लॅशमध्ये दोन वेगळी अंतर्गत यंत्रे होती: ॲक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या प्रोग्रामिंग भाषेच्या १ आणि २ या आवृत्त्यांसाठी एक, आणि २००६ साली फ्लॅश प्लेअर ९ बरोबर आलेल्या ॲक्शनस्क्रिप्ट ३ साठी दुसरे. पहिल्या प्रकारच्या फाइली रफलमध्ये बहुतेक वेळा निमूटपणे चालतात, तर दुसऱ्या प्रकारात अजून काही ठिकाणी अडते. तुमचे साल २००८ असल्यामुळे दोन्ही शक्यता आहेत. रफलच्या संकेतस्थळावर स्वतःची फाइल निवडून चालवून पाहण्याची सोय आहे. तिथे पाच मिनिटांत निकाल कळेल.

चालली, तर पुढचे काम एका फोल्डरचे आहे. त्यात तुमचे एचटीएमएल पान, रफलच्या फाइली आणि गेमची फाइल ठेवायची आणि तो फोल्डर वेबवर चढवायचा. गिटहब पेजेस किंवा इच.आयओ या पाने आणि गेम ठेवू देणाऱ्या संकेतस्थळांपैकी काहीही चालेल, इच.आयओवर झिप करून देताना मुख्य पानाचे नाव 'इंडेक्स' असावे लागते. नवखे लोक इथे दोन ठिकाणी अडखळतात. पान दोनदा क्लिक करून संगणकावरूनच उघडले तर रफल चालत नाही, त्याला वेब सर्व्हर लागतो, आणि लोकांना वाटते की गेमच बिघडला आहे. दुसरे म्हणजे विंडोज फाइलच्या नावातली लहान-मोठी रोमन अक्षरे एकच मानतो, पण वेबवरचे बरेचसे सर्व्हर मानत नाहीत. त्यामुळे घरी चालणारे पान चढवल्यावर रिकामे दिसते. सगळी नावे लहान अक्षरांत ठेवा.

तळघर

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे आणि त्याला अनुभवाची जोड देतो. दोन वर्षांपूर्वी मी एका गेमसाठी जुना फ्लॅश प्लेअर शोधत असताना पहिल्या पानावर दिसलेल्या एका संकेतस्थळावरून तो उतरवला. त्याबरोबर जे आले, त्याने ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलले, जाहिरातींच्या खिडक्या उघडायला सुरुवात केली, आणि शेवटी मला संगणक पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागला. हे आपल्या हौसेपायी ताईच्या घरी होऊ देऊ नका.

दुसरी विनंती अधिक कळकळीची आहे. आज, हे वाचून झाल्यावर लगेच, त्या सीडीवरच्या फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी करून ठेवा. घरी लिहिलेल्या सीडीचा थर वर्षे जातील तसा खराब होतो आणि सतरा-अठरा वर्षे टिकलेली सीडी पुढच्या वर्षी वाचता येईलच असे नाही. त्या प्रतींना हात लावू नका. जे बदल करायचे ते तिसऱ्या प्रतीवर करा. इंटरनेट आर्काइव्हवर खाते उघडून एक प्रत तिथेही चढवावी असे मी सुचवेन. मराठी मुलांनी घरी बसून केलेले असे गेम कोणत्याही दुकानात विकले गेले नाहीत, त्यामुळे बनवणाऱ्यानेच जपले नाहीत तर त्यांची दुसरी प्रत कुठेही सापडत नाही. जमल्यास ताईंचे आलेख कागदही स्कॅन करून सोबत ठेवा, भोक पडलेला कागद तर नक्कीच.

लोणपाटी

दोघांचेही मनापासून आभार. प्रती करून झाल्या. गेम ॲक्शनस्क्रिप्ट २ चा निघाला आणि रफलमध्ये पहिल्याच प्रयत्नात सुरू झाला. ताईची आरोळी सतरा वर्षांनी ऐकली आणि काही वेळ मी पुढे खेळूच शकलो नाही.

आता तीन अडचणी उरल्या आहेत. पहिली अशी की मुख्य पानावरचे 'आट्यापाट्या' हे शीर्षक आणि गुणांचे मराठी आकडे व्यवस्थित दिसतात, पण सर्वाधिक गुण मिळवल्यावर नाव लिहायच्या चौकटीत आणि तिच्या वरच्या सूचनेत मराठीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे येतात. दुसरी, गेम पडदाभर मोठा केला की पाट्यांच्या रेषा कुठे जाड तर कुठे बारीक होतात आणि गडी धूसर दिसतात. तिसरी अडचण भाच्याची आहे: त्याच्या टॅबलेटवर गेम उघडतो, पण बाणांच्या कळाच नसल्यामुळे गडी जागचा हलत नाही.

बोरू

अक्षरांच्या अडचणीबद्दल मी सांगू शकेन, कारण त्या काळात एका छोट्या छापखान्यासाठी मी फ्लॅशमध्ये मराठी मजकूर बसवण्याचे काम करत असे. फ्लॅशच्या मजकुराच्या चौकटीत युनिकोड मराठी तेव्हा नीट जुळत नसे. 'कि' लिहिले तर वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडे आणि जोडाक्षरे सुटी होत. अशा लिपींसाठीची सोय फ्लॅश प्लेअर १० मध्ये, म्हणजे २००८ च्या अखेरीला आली. म्हणून आम्ही सगळे जुने फाँट वापरत असू, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. तो फाँट नसला की खालची रोमन अक्षरे उघडी पडतात, आणि तुम्हाला दिसते आहे ते नेमके हेच.

शीर्षक शाबूत आहे, कारण ते तुम्ही 'ब्रेक अपार्ट' या फ्लॅशच्या आज्ञेने आकारांत बदलले असणार. आकड्यांसाठी दहा फ्रेमची (चित्रचौकटींची) एक मूव्ही क्लिप, म्हणजे छोटी चित्रमालिका, करून शून्य ते नऊ असे एकेक चित्र ठेवण्याची युक्ती तेव्हा सर्रास वापरली जाई. तुम्हीही तसेच केले असेल तर आकडेही चित्रेच आहेत आणि त्यांना फाँटची गरज नाही. नावाच्या चौकटीत मात्र मजकूर खेळणारा लिहितो, म्हणून तिथे फाँट फाइलमध्ये समाविष्ट झाला नाही आणि तो फक्त तुमच्या त्या वेळच्या संगणकावर होता.

जेपेक्स हा फ्लॅश फाइल उलगडणारा मुक्त प्रोग्राम घ्या. त्यात तुमची एसडब्ल्यूएफ उघडली की चित्रे, आवाज आणि ॲक्शनस्क्रिप्ट वेगवेगळे दिसतात आणि त्यांतले बरेचसे बदलून पुन्हा साठवता येते. सूचनेचा मजकूर तुम्ही चित्र म्हणून बसवू शकाल. नावासाठी माझा सल्ला असा की मराठी लिहू देण्याच्या खटपटीत पडू नका. जुना फाँट विकत घेतलेला असेल तर तो वेबवर ठेवण्याचा हक्क आपल्याला नसतो. त्याऐवजी जुन्या कॅसेटच्या गेममध्ये असत तशी तीन अक्षरांची निवड द्या, जिथे वरखाली बाणाने क, ख, ग असे अक्षर बदलते. ती अक्षरेही चित्रेच असतील आणि गेमच्या रूपाला शोभतील.

चौकोन

ठिपक्यांबद्दल लिहितो. तुमचा गेम २५६ बाय २४० चा आहे. तो ५१२ बाय ४८०, ७६८ बाय ७२० असा पूर्णांकाच्याच पटीत मोठा केला तर प्रत्येक ठिपका सारख्या मापाचा चौकोन राहतो. पडदाभर ताणला की पट दोन पूर्णांक सात अशी काहीतरी येते, मग एक ठिपका दोन तर शेजारचा तीन ठिपके जाड होतो. तुमची आठ ठिपक्यांची पाटी ज्या काटेकोरपणे बसली आहे, तिला असा ताण सोसवत नाही. त्यामुळे पानावर गेमची चौकट ठरावीक मापाची ठेवा आणि उरलेली जागा काळी सोडा. धूसरपणाचे कारण वेगळे असू शकते: फ्लॅशमध्ये प्रत्येक बिटमॅपला (ठिपक्यांच्या चित्राला) 'स्मूदिंग' नावाचा पर्याय असे आणि तो चालू राहिला असेल तर मोठे करताना कडा विरघळतात. जेपेक्समध्ये तो तपासा.

टॅबलेटसाठी आजच्या आज करता येण्यासारखा उपाय म्हणजे ब्लूटूथचा कीबोर्ड जोडणे. कायमचा उपाय हवा असेल, तर गेम नव्याने लिहावा असे माझे प्रामाणिक मत आहे. जेपेक्समधून चित्रे पीएनजी म्हणून आणि आवाज वेगळे निघतील. ॲक्शनस्क्रिप्टचा मजकूरही मिळेल, पण तुमच्या टिपा त्यात नसतील आणि फंक्शनच्या आतल्या बऱ्याच चलांची (व्हेरिएबलची) नावे यंत्राने दिलेली असतील. तरी नियम वाचता येण्याइतका अर्थ लागतो. त्यावरून साध्या जावास्क्रिप्टमध्ये कॅनव्हासवर (ब्राउझरच्या चित्र काढायच्या पाटीवर) हा गेम उभा करणे अवघड नाही, कारण एका पडद्यावर सगळे मैदान मावते आणि मागे सरकणारे चित्र नाही. चित्र मोठे करताना 'इमेज रेंडरिंग' हा गुणधर्म 'पिक्सलेटेड' ठेवा. फ्लॅशच्या सवयीतलेच काही हवे असेल तर हॅक्स भाषा आणि तिच्यातले ओपनएफएल हे साधन पाहा. त्यांची रचना ॲक्शनस्क्रिप्ट ३ च्या पुष्कळ जवळची आहे.

यात एक चूक हमखास होते. फ्लॅशमध्ये गड्याची चाल फ्रेमवर मोजली जाई, म्हणजे दर फ्रेमला दोन ठिपके. ब्राउझरमध्ये पडदा सेकंदाला साठ वेळाही ताजा होतो आणि काही टॅबलेटवर एकशे वीस वेळाही होतो. चाल फ्रेमवर मोजलीत तर त्या टॅबलेटवर सूरपाटीवरचा गडी दुप्पट वेगाने धावेल आणि भाच्याला लोण कधीच घेता येणार नाही. मूळ गेमचा फ्रेमवेग एसडब्ल्यूएफच्या सुरुवातीच्या माहितीत लिहिलेला असतो. तो पाहा आणि चाल सेकंदावर मोजा.

कोरा कागद

माझ्याकडे असाच एक गेम आहे, पण तो जावा ॲपलेटच्या (वेब पानात चालणाऱ्या छोट्या जावा प्रोग्रामच्या) रूपात आहे. त्यालाही रफल चालेल का?

जुनी फाइल

नाही, रफल फक्त फ्लॅशसाठी आहे. ॲपलेट ज्या प्रकारच्या प्लग-इनवर अवलंबून होते, तो प्रकार क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आवृत्ती ४५ पासून काढून टाकला, आणि २०१८ सालच्या जावा ११ मधून ॲपलेटचा प्लग-इनही वगळण्यात आला. तुमच्यासाठी चीर्पजे पाहा. ते जावाचा संकलित प्रोग्राम ब्राउझरमध्येच चालवते. आणि कोणाकडे डीसीआर या प्रत्ययाची फाइल असेल, तर ती फ्लॅशची नसून डिरेक्टरमध्ये केलेली शॉकवेव्हची असते. नावांच्या सारखेपणामुळे लोक फसतात. अशा फाइलींसाठी फ्लॅशपॉइंट हा जतनाचा प्रकल्प उपयोगी पडतो, पण तो संगणकावर बसवावा लागतो.

लोणपाटी

सर्वांचे सल्ले पाळले, त्याचा वृत्तांत देतो. रफलसह फोल्डर चढवला असून चौकट ७६८ बाय ७२० ची ठेवली आहे. दोन्ही मित्रांनी दुवा उघडून काहीही न बसवता खेळून पाहिले. स्मूदिंग खरोखरच चालू राहिले होते, ते जेपेक्समध्ये बंद केल्यावर ताईच्या पेन्सिलीचे चौकोन पुन्हा धारदार झाले. बोरू यांनी सांगितलेला आकड्यांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला: 'अंक' नावाची दहा फ्रेमची क्लिप फाइलमध्ये आहे. नावाची चौकट तूर्त काढून टाकली आहे आणि तीन अक्षरांची निवड नव्या आवृत्तीत करणार आहे. मूळ, न बदललेली फाइल आलेख कागदांच्या स्कॅनसह इंटरनेट आर्काइव्हवर चढवली.

भाच्याने कीबोर्ड जोडून काल संध्याकाळी त्याच्या आईबरोबर खेळायला घेतले. तो सहाव्या पाटीपर्यंत पोहोचला. त्याने मला दोन तक्रारी कळवल्या आहेत: सूरपाटीवरचा गडी कधीच दमत नाही हे अन्यायाचे आहे, आणि धावणाऱ्या गड्याच्या पायात एक ठिपका चुकीच्या रंगाचा आहे. दुसरी तक्रार बरोबर आहे. भोक पडलेल्या जागी मी अंदाजाने भरलेला तोच तो चौकोन आहे. नव्या आवृत्तीत तो कोणत्या रंगाचा असावा, हे आता ताईलाच विचारले आहे.